खाडीच्या दुसऱ्या बाकावरची बाय

२०१८ साली मी बासष्ट वर्षांचा होतो आणि पनवेलच्या पुढे, जुन्या हायवेला लागून जी पाळण्यांची बाग आहे, तिथे होडीच्या राईडवर कामाला होतो. राईडचं नाव बोर्डावर इंग्रजीत भलतंच लांबलचक होतं. आम्ही तिला खाडी म्हणायचो. आता ती नाही. तिथे पडदा आहे आणि खुर्च्या हलतात. पोरं आत बसून आरडाओरडा करतात, त्यांना मजा येते म्हणे. येऊ दे. मी एकदाही आत गेलेलो नाही आणि जाणारही नाही.

खाडी म्हणजे सिमेंटची मोठी गुहा. आत गुडघ्याच्या वर पाणी, पंपाने ढकललेलं, आणि त्यावरून होड्या आपल्या आपण वाहत जायच्या. आत कायम संध्याकाळ. काठावर एक गाव होतं. जाळं फेकणारा बाप्या, सुकट पसरणाऱ्या बाया, बांबूवर टांगलेले बोंबील, मिठाचे ढीग, मान हलवणारा बगळा आणि शेपूट हलवणारं कुत्रं. सगळं प्लास्टरचं. प्रत्येकाच्या मागे एक मोटार. होडी धक्क्यावरून सोडायची, परत आली की थांबवायची आणि माणसं उतरवायची, हे माझं काम. बटणं दाबायला चौथीपर्यंतचं शिक्षण पुरतं.

त्या खाडीला एक बाय यायची. आमच्याकडे बाय म्हणणं हे मानाचं बोलणं आहे. करंजाड्याला भावाच्या बिऱ्हाडात राहायची, मुंबईत सरकारी कचेरीतून रिटायर झालेली, लग्न केलेलं नव्हतं. वर्षाचा पास काढायची आणि दर मंगळवारी यायची, कारण मंगळवारी गर्दी नसते. सुती साडी आणि खाली पोरं घालतात तसले पांढरे बूट. सगळ्या पाळण्यांत बसायची, आकाशात नेऊन उलटं करणाऱ्या त्या मोठ्या झोक्यातसुद्धा बसायची. उतरली की पदर नीट करून म्हणायची, पोट हललं, मन काही हललं नाही. मग खाडीकडे यायची.

रांगेत उभी राहिली की डोळे मिटायची. घड्याळ काढून पर्समध्ये, मोबाईल बंद करून पर्समध्ये, आणि डोळे मिटून उभी. पहिल्यांदा एका वॉचमनला वाटलं बाईंना चक्कर आली. तो खुर्ची आणि पाणी घेऊन धावला. ती डोळे न उघडताच म्हणाली, काही झालेलं नाही, डोळ्यांतलं ऊन उतरवते आहे. बाहेरच्या उन्हातून एकदम आत गेलं की अर्धं गाव दिसायच्या आधीच निघून जातं, हे तिचं म्हणणं. पुढे पुढे रांगेतली दुसरी माणसंही डोळे मिटायला लागली. मंगळवारी कोणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं इथे आरती चालली आहे.

मंगळवारी अंगाला अत्तर नाही, डोक्याला वासाचं तेल नाही. खाडीला स्वतःचा वास आहे, त्यात आपला कशाला मिसळायचा, असं म्हणायची. आणि बसायची ती कायम दुसऱ्या बाकावर, डाव्या हाताला. तिथे कोणी आधी बसलं असेल तर ती होडी सोडून द्यायची.

मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने विचारलं, हे आतलं गाव कुठलं. मी म्हटलं, प्लास्टरचं. ती म्हणाली, ते दिसतंय, तुमचं कुठलं. मग मी सांगितलं. माझ्या बापाचा मचवा होता, पनवेलच्या खाडीतून मीठ आणि कौलं न्यायचा. खाडी गाळाने भरली, मचवा विकला, बाप गेला. ती म्हणाली, "मग तुम्ही नाखवा."

मी म्हटलं, "नाखवा बाप व्हता. मी बटन दाबतो."

"होडी सोडतो तो नाखवा," ती म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली.

त्या दिवसापासून मी नाखवा. बागेत सगळे मला काका म्हणायचे, मॅनेजर नुसतं नावाने हाक मारायचा. ती एकटी नाखवा म्हणायची, ते मला आवडायचं आणि आवडतं हे मी तिला कधी कळू दिलं नाही.

तिच्यासारखी आणखी काही माणसं मंगळवारी जमायची. पाळण्यांची शौकीन माणसं. आपल्याला हसू येतं, पण कुणाला नाटकाचं वेड असतं, कुणाला क्रिकेटचं, तसं यांना पाळण्यांचं. भेळवाल्यामागच्या बदामाखाली बसायची आणि भांडायची. खारघरचा एक इंजिनीअर होता, तळोज्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला. त्याचं म्हणणं, आधी नटबोल्ट, ग्रीस, वायरिंग. पाळणा रोज तपासला पाहिजे, बाकी शोभा नंतर. खांदा कॉलनीचं एक जोडपं होतं. त्यांचं म्हणणं, माणूस पैसे देऊन येतो, त्याला रांगेत सावली पाहिजे, मुतारी स्वच्छ पाहिजे, कोणी खेकसता कामा नये. आणि बायचं म्हणणं, हे सगळं हवंच, पण आत गेल्यावर माणसाने बाहेरचं विसरलं पाहिजे. ते नाही झालं तर तुमचा नटबोल्ट कशाला आणि सावली कशाला. बाकीचे त्याला इमर्शन का काय म्हणायचे. ती म्हणायची तंद्री.

तंद्री मोडली, हा तिचा सगळ्यात मोठा आरोप. होडीतून उतरायची, माझ्याजवळ यायची आणि हळूच सांगायची, नाखवा, आज कुत्र्याचं शेपूट उशिरा हललं, होडी पुढे गेल्यावर. इंजिनीअर म्हणायचा, हललं ना, मग झालं. ती म्हणायची, कुत्रं माणूस आल्यावर शेपूट हलवतं की गेल्यावर. मग ते भांडण भेळ संपेपर्यंत चालायचं. मी त्या शेपटाचं टायमिंग नीट केलं. इंजिनीअरचं ऐकून मी कधी काही केलं नाही, कारण तो सांगायचा ते मी आधीच केलेलं असायचं.

सगळ्यांना पाठीमागे यायची हौस. मोटारी कुठे आहेत, पाणी कसं ढकलतात. माणसं माझ्या मागे लागायची, काका, एकदा दाखवा. तिला मी आपण होऊन म्हटलं, चला, दाखवतो. तिने दोन्ही हात असे पुढे केले, जसं काही मी तिला विंचू दाखवतो आहे. म्हणाली, "मागे मोटारी आहेत हे मला माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि बघून येणं वेगळं. मला त्या बायका पुढूनच बघू द्या." इतकी वर्षं खाडीला आली, पाठीमागे पाऊल टाकलं नाही.

एकदा मॅनेजरने गुहेत भोंगे बसवले. कृपया हात होडीबाहेर काढू नका, मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. सुकटवाल्या बायांच्या समोर होडी आली की हे सुरू. बाय बाहेर आली ती तोंड पाडून. बदामाखाली इंजिनीअर तिला म्हणाला, मॅडम, इथे तुमचं ऐकून घेणार नाही, होडी आणि भिंत यांच्यात बोट सापडलं तर बोट जातं. आम्हाला वाटलं आता जुंपणार. पण ती म्हणाली, बरोबर आहे, सूचना पाहिजेच, पण गावात शिरल्यावर नको, धक्क्यावर द्या, आणि भोंग्याने नको, माणसाने द्या. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुमचे वडील मचव्यात बसलेल्यांना काय सांगायचे.

मी म्हटलं, "हात आत घ्या, खाडीत काय काय चावनारं हाय."

ती म्हणाली, हेच. असंच. मॅनेजरने करून बघितलं. पोरांनी हात असे मांडीखाली घातले की उतरतानाही काढेनात. भोंगे निघाले. इंजिनीअर म्हणाला, ठीक आहे, बोटं वाचली ना. त्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे पुष्कळ. पुढे लोक नुसतं ते वाक्य ऐकायला यायचे. मी ते रोज म्हणायचो, पण कोणी पुन्हा म्हणा म्हटलं की म्हणत नसे. एका होडीला एकदाच.

मग तिची नजर माझ्या बुशकोटावर गेली. कंपनीचा निळा बुशकोट, खिशावर बागेचं चित्र. तिचं म्हणणं पडलं, संध्याकाळच्या खाडीवर हा निळा माणूस कुठून आला. तुम्ही वडिलांसारखा कमरेला कोळी रुमाल नेसा, डोक्याला टोपी घाला, मग होडीत पाय ठेवायच्या आधीच तंद्री लागेल. तिने फार गोड बोलून सांगितलं, पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाय, बाप रुमाल नेसायचा कारन चिखल व्हता. मी इथं पगार घेतो. मी नाटकात नाय काम करीत."

पुढच्या मंगळवारी ती आली, होडीत बसली आणि गेली, माझ्याशी बोलली नाही. मीही बोललो नाही, मला काय गरज. त्याच्या पुढच्या मंगळवारी सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळे मिटायच्या आधी म्हणाली, "नाखवा, माझं चुकलं. बुशकोटच घाला." एवढंच. मी मान हलवली.

पण तोवर मॅनेजरच्या कानावर ते गेलं होतं आणि त्याला ते फार पसंत पडलं होतं. त्याने ड्रेसवाल्याकडून सगळा पोशाख आणला. लाल चौकटीचा रुमाल, चमकीचं जाकीट, टोपीला सोनेरी कागद. म्हणाला, लोक तुमच्याबरोबर फोटो काढतील. मी म्हटलं, घालत नाही. तो म्हणाला, मग घरी बसा. हे बायला भेळवाल्याकडून कळलं. ती उठली आणि सरळ ऑफिसात गेली. मी मागोमाग, दाराशी थांबलो.

मॅनेजर हसत म्हणाला, मॅडम, आयडिया तर तुमचीच होती. ती म्हणाली, माझीच, आणि ती मूर्खपणाची होती. तो म्हणाला, पण इमर्शनसाठी चांगलं नाही का. तेव्हा ती जे बोलली ते मला शब्दाला शब्द आठवतं. "हा माणूस इथलाच आहे. त्याने इथल्यासारखं दिसायची काही गरज नाही. ती गरज त्या प्लास्टरला आहे."

पोशाख ड्रेसवाल्याकडे परत गेला. माझ्या बाजूने ऑफिसात उभं राहून बोललेलं दुसरं माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही. आणि ती बोलली ते माझ्यासाठी कमी, स्वतःच्याच हट्टाच्या विरुद्ध जास्त. मी हट्टी माणूस आहे, सगळं गाव सांगेल. पण मला माझा हट्ट असा हातात धरून मोडता आलेला नाही. तिला यायचं.

आता हारांचं सांगतो. दसऱ्याला आम्ही बागेतल्या सगळ्या मशिनींची पूजा करतो. नारळ फोडतो, गुलाल लावतो आणि प्रत्येक मोटारीला झेंडूचा हार. पूजेचा हार आमची माणसं हाताने उतरवत नाहीत. सुकेल, गळेल, तेव्हा गळेल. त्या वर्षी बदामाखाली यावरून मोठं रण झालं. इंजिनीअर म्हणाला, पूजा करा, माझी ना नाही, पण संध्याकाळी हार काढा, फिरत्या मशिनीला काही टांगून ठेवू नये. मी म्हटलं, ते आमी नाय करनार. आणि बायने माझी बाजू घेतली. म्हणाली, खाडीत गेल्यावर झेंडूचा वास येतो, वाटतं गावात कुठेतरी देऊळ आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. इतकं सुंदर आहे ते, राहू दे. इंजिनीअर हात झटकून उठला. हार राहिले.

त्याच दिवसांत बातमी आली की खाडी मोडणार. शेठ थकले होते आणि बागेचा कारभार त्यांच्या मुलीकडे आला होता. ती बाहेर शिकून आलेली, हुशार पोरगी, बोलायला सरळ. तिने हिशेबाने पाहिलं असणार. खाडीत होड्या सावकाश जातात, जागा फार अडते, पाणी फार लागतं. तिथे पडद्याचा हॉल करायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. मॅनेजरने मला आडून सांगितलं की हॉलवर इंग्रजी बोलणारी पोरं लागतील. म्हणजे खाडी गेली की मीही गेलो, हे मला समजलं. बायला मी माझ्या नोकरीचं काही बोललो नाही. पण खाडी मोडणार हे तिला माझ्यापेक्षा जास्त लागलं असावं, कारण त्या दिवशी ती होडीतून उतरली आणि बदामाखाली न जाता तडक घरी गेली.

पुढच्या मंगळवारी शेठच्या मुलीची गाडी आली तेव्हा बाय गाडीच्या दारापाशी उभी होती. विनवणी नाही, काही नाही. म्हणाली, तुम्ही खाडी कागदावर पाहिली आहे, एकदा माझ्याबरोबर बसून बघा, मग खुशाल मोडा. मुलगी हसली. म्हणाली, लहानपणी बसले होते, घाबरून रडले होते. बाय म्हणाली, म्हणजे आठवतंय तर. दिवाळीनंतरच्या मंगळवारी येते असं कबूल करून मुलगी गेली. त्या फेरीवर सगळं ठरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग बदामाखालची भांडणं बंद झाली. मी पाणी बदललं, पंप साफ केले. बगळ्याची मान आवाज करायची ती तेल घालून गप्प केली. इंजिनीअर चष्मा कपाळावर चढवून एकेक होडी ठोकून पाहायचा. पाठीमागे बाहेरच्यांना बंदी, नाहीतर तो तिथेही गेला असता. जोडप्याने रांगेतली बाकं पुसून घेतली. हारांचा विचार कोणाच्याही मनात आला नाही. हार देवाचे, त्यांच्याकडे कोण बघतं.

ठरल्या मंगळवारी पहिल्या होडीत पुढच्या बाकावर शेठची मुलगी आणि मॅनेजर, दुसऱ्या बाकावर डावीकडे बाय. मुलीनेही बायच्या सांगण्यावरून डोळे मिटून घेतले होते. मी माझं वाक्य म्हटलं. मुलगी हसली आणि तिने हात मांडीवर घेतले. होडी वळणाआड गेली. मागची होडी सोडली, तिच्यात कळंबोलीचं एक कुटुंब होतं, पोरंबाळं घेऊन. मी पाण्याचा आवाज ऐकत उभा राहिलो. आवाजावरून मला कळतं होडी कुठे आहे ते. जाळंवाला गेला. शेठची पोरगी आतून काहीतरी बोलली आणि हसली, खरं हसली. मला वाटलं, जमलं.

आणि आतून हाक आली. "नाखवा, दिवे लावा. होड्या थांबवा."

आवाज तिचाच. किंचाळलेला नाही, कचेरीत शिपायाला हाक मारावी तसा. पण जिने कुत्र्याच्या शेपटावरून माझं डोकं खाल्लं ती बाय भर गावात ट्यूबलाईट लावा म्हणते, हे माझ्या कानाला पटेना. हातांनी आपलं काम केलं. पंप बंद, मोटारी बंद, दिवे चालू. मी काठाच्या वाटेने पळालो.

ती होडीतून उतरून पाण्यात शिरली होती. साडी खोचून प्लास्टरच्या काठावर चढली आणि सुकटवाल्या बायांच्या पाठीमागे गेली. जिथे मी बोलावलं तरी आली नव्हती तिथे. हाराची सुतळी तुटून मोटारीच्या दांड्यात गुंडाळली गेली होती, सुकलेला झेंडू धुमसत होता आणि जाळ वरच्या नायलॉनच्या जाळ्याला लागत होता. जाळ्याचा कोपरा वितळून थेंब पडत होते. तिने हार हाताने ओढून काढला. मी वाळूची बादली ओतली. इंजिनीअर धक्क्यावरून आत आला आणि मागच्या होडीतली पोरं एकेक करून उचलून वाटेवर ठेवायला लागला. कोणाला काही झालं नाही. बायची बोटं तेवढी भाजली.

ट्यूबलाईटमध्ये खाडी फार वाईट दिसायची. भिंतीला पोपडे, आकाशाला शिडीचे डाग, मिठाच्या ढिगातून वायर निघालेली. शेठची मुलगी होडीत उभी राहून ते बघत होती. घाबरली नव्हती. तिची नजर सुकटवाल्यांवर गेली आणि ती म्हणाली, "या बायका मागून कोऱ्याच आहेत की."

खरं होतं. होडी पुढून जाते, म्हणून बनवणाऱ्याने पुढूनच रंगवल्या होत्या. मागे पांढरं प्लास्टर आणि पेन्सिलीच्या खुणा. मला ते रोज दिसायचं, कधी काही वाटलं नाही. बाय त्यांच्यामध्ये उभी होती, ओली, वाळूने माखलेली. तीही बघत होती. मग मलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "मी धरून चालले होते नाखवा, की यांच्या लुगड्यांना मागे बुट्टे असतील."

बाहेर आल्यावर शेठच्या मुलीने तिला विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना मी आज काय ठरवायला आले आहे. बाय म्हणाली, त्यासाठीच तर बोलावलं होतं. मुलगी म्हणाली, थोडं थांबला असता तर होडी बाहेर आली असती, मला काही कळलंही नसतं. बाय म्हणाली, मागच्या होडीत मुलं होती. आणि मग कोणी विचारलेलं नसताना म्हणाली, हार राहू दे म्हणणारी मीच होते, या लोकांना काही बोलू नका. मी तिथेच म्हटलं की हार आमी घातला आनि पुन्ना घालनार. शेठच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं, पण मला काही म्हणाली नाही. बायला नमस्कार केला. मॅनेजरला सांगितलं, उद्यापासून बंद, आणि गेली.

बदामाखाली खांदा कॉलनीचं जोडपं बायवर रागावलं. हळूच मॅनेजरच्या कानात सांगता आलं असतं, एवढं ओरडायची काय गरज होती. इंजिनीअर मात्र हारांबद्दल चकार शब्द बोलला नाही. मी तयारच होतो, तो बोलला असता तर मी सोडला नसता. तो नळावरून रुमाल भिजवून आणत होता आणि तिच्या बोटांना गुंडाळत होता. तिने त्याला सांगितलं की वास आला तेव्हा पहिल्यांदा तिला बरं वाटलं होतं. संध्याकाळ आहे, गावात कोणीतरी चूल पेटवली, असं वाटलं. मग लक्षात आलं की आपल्या गावात चूल नाहीच.

"इतकी लागली होती तंद्री?" इंजिनीअरने विचारलं.

"इतकी," ती म्हणाली. "आणि त्या मुलांचीही लागली असणार. मुलं काळजी दारात ठेवून आत आली होती. मग ती कोणी करायची?"

इंजिनीअरने रुमाल पुन्हा भिजवून आणला.

मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो, कारण तिच्या हाताने पर्स उघडत नव्हती. रिक्षात बसताना तिने विचारलं, "नाखवा, रागावलात?"

मी म्हटलं, "रागावलोय."

"बरं," ती म्हणाली. रिक्षा करंजाड्याच्या रस्त्याला लागली.

राग खराच होता. माझी होडी गेली होती आणि या वयात मला दुसरी कोण देणार होतं. पण तिच्या जागी मी दुसऱ्या बाकावर असतो तर हाक मारली असती का, हे मी स्वतःला घरी जाईपर्यंत विचारत राहिलो आणि उत्तर जे आलं ते मी इथे लिहिणार नाही. एवढं लिहितो की असं माणूस मला पुन्हा भेटलेलं नाही. ज्याच्यासाठी जीव टाकायचा तेच स्वतःच्या हाताने उजेडात आणून उभं करायचं, आणि वर बरं म्हणून घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यापेक्षा लवकर बागेत गेलो. खाडीला साखळी लावली होती, ती ओलांडली आणि आत जाऊन ट्यूबलाईट लावल्या. होड्या रंगवायचे डबे खोलीत होते ते काढले. वॉचमन शोधत आला. म्हणाला, काका, तोडनार हायेत ना हे, आता कोन बघनार. मी त्याला म्हटलं, तू बघतोस ना, मग डबा धर. आणि बुशकोटाच्या बाह्या सारून बसलो. पहिली काठाजवळची सुकटवाली घेतली. तिचं लुगडं पुढून हिरवं होतं, ते मागून हिरवं केलं. रंग वाळला तेव्हा बारीक ब्रश घेतला आणि पदरापासून खाली पिवळे बुट्टे काढायला लागलो.